एजंट संघटनेचं पद घेताय? आधी दप्तर बघा, मग हार घालून घ्या

चार जण ऑफिसात आले, चहा झाला, ‘मॅडम, हे तुम्हालाच जमेल’ झालं. सर्वसाधारण सभेत सूचक-अनुमोदक उभे राहिले तरी मला संघटनेची घटना कुणी दाखवली नव्हती. त्या चौघांपैकी तिघांना ते पद स्वतःच्या गळ्यात नको होतं, हे पुढे कळलं. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातल्या, घरं विकणाऱ्या-भाड्याने देणाऱ्या एजंटांच्या संघटनेच्या कार्यकारिणीत मी सहा वर्षं होते, त्यातली चार सेक्रेटरी म्हणून. बिनपगारी, अर्थातच. आता नव्या पोरापोरींचे फोन येतात, ‘ताई, मला उभं राहा म्हणतायत, काय करू?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी आणि एजंट संघटनेचा सेक्रेटरी यांच्यात एक मोठा फरक आहे. सोसायटीतला शेजारी तुमचा धंद्यातला प्रतिस्पर्धी नसतो. इथे समोर बसलेला प्रत्येक सभासद तुम्ही ज्या फ्लॅटच्या मागे आहात त्याच फ्लॅटच्या मागे असतो. अशी माणसं तुमचं ऐकतील ती एकाच कारणाने: ही बाई किंवा हा बुवा खुर्चीचा उपयोग स्वतःच्या सौद्यासाठी करत नाही, एवढी खात्री पटली म्हणून. खालची निम्मी कामं कायद्याने करावीच लागतात. उरलेली निम्मी ही खात्री टिकवण्यासाठी.

हो म्हणण्याआधी: दप्तर

मावळत्या सेक्रेटरीकडे जा आणि कागद मागा. सगळ्यात आधी नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात अशा संघटना बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेल्या असतात (किमान सात सभासद लागतात) आणि जोडीला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही. म्हणून दाखले दोन असतात. काही संघटना कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपन्या असतात. त्यांचा मार्ग वेगळा, त्यांनी कंपनी सेक्रेटरीला विचारावं. आणि काही ‘संघटना’ म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एक लेटरहेड आणि दरवर्षीचं फार्महाउसवरचं जेवण. त्यात काही पाप नाही. फक्त वर्गणी कुणाच्या खात्यात जमा होते ते विचारा आणि उत्तर ऐकून मगच हो म्हणा.

दुसरा कागद धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा. त्यावर विश्वस्तांची नावं असतात. ती आणि प्रत्यक्षात खुर्च्यांवर बसलेली माणसं जुळतात का? आमच्या उताऱ्यावर दोन कार्यकारिणींपूर्वीची नावं होती, आणि त्यातले एक गृहस्थ धंदा सोडून कधीच गावी शेती करायला गेले होते. कागदोपत्री संघटना तेच चालवत होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग घटना, म्हणजे नियमावली, सगळ्या दुरुस्त्यांसह. मग लेखापरीक्षणाचे अहवाल: हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि ऑडिट त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, व्हावं लागतं. मागच्या तीन वर्षांचे अहवाल मिळाले तर तुम्ही भाग्यवान. संस्थेचा पॅन, बँकेत सह्या कुणाच्या, सभासदांची तारखेसह यादी, प्रोसिडिंग बुक, रबरी शिक्का.

यातलं काही सापडलं नाही तर पद नाकारा असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर बऱ्याच संघटनांना सेक्रेटरीच मिळणार नाही. पण काय मिळालं आणि काय मिळालं नाही याची एक पानाची यादी करा, मावळत्या सेक्रेटरीची त्यावर सही घ्या आणि पहिल्याच बैठकीत ती इतिवृत्तात नोंदवा. तीन वर्षांनी ‘ती पावती कुठे गेली’ असा प्रश्न येतो तेव्हा हे एक पान तुम्हाला वाचवतं.

पहिले नव्वद दिवस

कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कायद्याचं कलम २२. बोलताना सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. सत्काराच्या शाली कपाटात जातात, हा अर्ज मात्र राहून जातो. मग तिसऱ्या वर्षी दोन गट पडतात आणि दोन्ही गट आपलीच कार्यकारिणी खरी म्हणत वेगवेगळे चेंज रिपोर्ट घेऊन उभे राहतात. भांडणं आधी होतात आणि कागद मागून येतात असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. कागद नसतात, म्हणून भांडणाला जागा मिळते.

अर्जासोबत निवडणुकीची नोटीस, ती सभासदांना कशी पाठवली त्याचा पुरावा, हजेरीपट, सभेचं इतिवृत्त आणि नव्या लोकांची संमतीपत्रं जोडा. इथे एक खड्डा आहे. घटनेत ‘सभेची सूचना पंधरा दिवस आधी टपालाने’ असं लिहिलेलं असतं आणि आपण ती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होतो. कुणी हरकत घेईपर्यंत चालतं. हरकत आली की अख्खी निवडणूक वादात. घटनेत जे लिहिलंय ते करा, आणि जमत नसेल तर घटना रीतसर दुरुस्त करून घ्या. संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर ते आणखी जड काम आहे: विशेष सभेत तीन-पंचमांश मतं, आणि महिन्याभराने दुसऱ्या सभेत पुन्हा तीन-पंचमांशांनी शिक्कामोर्तब. एका रविवारी उरकेल अशा भ्रमात राहू नका.

शिवाय १८६० च्या कायद्याप्रमाणे वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी नोंदणी कार्यालयाला द्यायची असते. छोटं काम. कॅलेंडरवर लिहून ठेवलं की झालं.

कॅलेंडरवरून आठवलं. आपला धंदा मुहूर्तांवर चालतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी या दिवसांत बैठक ठेवलीत तर तुम्ही आणि शिपाई असे दोघंच याल. मार्चअखेरीस सगळे नोंदणीसाठी दुय्यम निबंधकाच्या दारात असतात, कारण १ एप्रिलला रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचे सरकारी दर, वाढतील ही धाकधूक. पितृपक्षात मात्र टोकन, म्हणजे सौद्याचा इसारा, कुणी देत नाही. एजंट रिकामे, हॉल स्वस्त, आणि ऑडिटची मुदतही तेव्हाच आसपास. आमची वार्षिक सभा आम्ही पितृपक्षात आणली आणि गणपूर्तीसाठी अर्धा तास सभा तहकूब ठेवण्याची वेळ पुन्हा आली नाही. एका ज्येष्ठांनी ‘अशुभ’ म्हणून नाक मुरडलं. त्यांच्या आवडीची बासुंदी ठेवली, आणि ते आले.

पद आणि धंदा यांच्यात भिंत

पहिल्या बैठकीत आम्ही पाच गोष्टी ठराव म्हणून लिहून घेतल्या. जशाच्या तशा देते, तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

• संघटनेच्या फोनवर किंवा ईमेलवर घर घ्यायची-द्यायची चौकशी आली, तर ती पदाधिकाऱ्याने घ्यायची नाही. ती सभासद यादीतल्या क्रमाने पुढच्याला जाईल आणि वहीत नोंद होईल.

• एखाद्या बिल्डरचं सादरीकरण संघटनेत ठेवायचं असेल आणि त्या प्रकल्पाचं काम पदाधिकाऱ्याकडे असेल, तर त्याने ते आधी सांगायचं आणि निर्णयाच्या वेळी बाहेर थांबायचं.

• ग्राहकाला द्यायच्या कार्डावर संघटनेचं पद छापायचं नाही.

• संघटनेच्या निवेदनासाठी कार्यालयात गेलो तर स्वतःची फाइल बरोबर न्यायची नाही.

• तंट्यात आपला किंवा आपल्या भागीदाराचा हात असेल तर त्या सुनावणीला बसायचं नाही.

चौथा मुद्दा वाचून लोक हसतात. पण तो सगळ्यात महागात पडलेला आहे. आम्ही ‘सर्व्हर सतत बंद असतो, रांगेचं टोकन घेतलेल्या लोकांना दिवसभर ताटकळावं लागतं’ असं निवेदन घेऊन नोंदणी कार्यालयात गेलो. आमच्यातल्या एकाने त्याच भेटीत, साहेब समोर आहेतच म्हणून, आपल्या पार्टीचा, म्हणजे ग्राहकाचा, दस्त पुढे सरकवला. साहेबांनी केला नोंद. बाहेर रांगेत आमचेच सभासद उभे होते आणि त्यांनी ते पाहिलं. ते निवेदन नंतर कुणी मनावर घेतलं नाही, साहेबांनीही नाही आणि सभासदांनीही नाही. वर्षभर ‘निवेदन’ हा शब्द आमच्या ग्रुपवर विनोद होता.

कमिशनचा दर ठरवायचा ठराव: करू नका

नव्या कार्यकारिणीपुढे पहिला लोकप्रिय प्रस्ताव हमखास हाच येतो. ‘सगळ्यांनी मिळून ठरवू: विक्रीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन टक्के, भाड्याला एक महिना. कमी घेईल त्याला ग्रुपमधून काढू.’ टाळ्या पडतात. तुम्हीही धंद्यातल्याच, तुम्हालाही पटतं. तरीही थांबा.

२००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३ वाचा. एकाच धंद्यातल्या लोकांनी किंवा त्यांच्या संघटनेने मिळून किंमत ठरवली, तर त्याने स्पर्धेला बाधा येते असं कायदा गृहीतच धरतो. ‘आम्ही फक्त शिफारस केली’ हा बचाव करत बसण्याची वेळ येऊ नये. ‘बाणेर तुमचं, वाकड आमचं’ अशी भागांची वाटणी त्याच कलमात येते. एखाद्या बिल्डरवर किंवा पोर्टलवर मिळून बहिष्कार टाकणंही अडचणीचंच. भारतीय स्पर्धा आयोगाने औषधविक्रेत्यांच्या संघटनांना अशाच गोष्टींसाठी दंड केलेले आहेत, आणि असा दंड कधीकधी पदाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक खिशापर्यंत पोहोचतो.

अमेरिकेत काय झालं ते बघा. तिथली रिअल्टर लोकांची, म्हणजे घरांच्या एजंटांची, राष्ट्रीय संघटना १९०८ ची, शिकागोत स्थापन झालेली. तिची आचारसंहिता १९१३ पासून आहे आणि जगभरचे एजंट तिचे दाखले देतात. पण खरेदीदाराच्या एजंटाचं कमिशन विक्रेत्याकडून कसं दिलं जावं, या तिच्या एका नियमावरून घरमालकांनी दावा लावला. ३१ ऑक्टोबर २०२३ ला कॅन्सस सिटीतल्या ज्यूरीने संघटना आणि काही मोठ्या ब्रोकरेज कंपन्यांवर मिळून सुमारे १८० कोटी डॉलरची भरपाई लादली. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि ऑगस्टपासून नियम बदलले. शंभर वर्षांची संघटना, वकिलांची फौज, तरीही.

मग सभासदांना काय द्यायचं? दर सोडून बाकी सगळं. सौद्याच्या आधी ग्राहकाबरोबर लेखी करार कसा करावा, त्याचा मराठी नमुना. कमिशन कधी देय होतं, टोकनला की नोंदणीला, हे करारात कसं लिहावं. दोन एजंटांमध्ये वाटणी कशी होईल हे त्या दोघांनी आधी ठरवण्यासाठी एक अर्ध्या पानाचा कोरा फॉर्म, ज्यात टक्क्याची जागा रिकामी आहे. आमच्याकडे दोन टक्क्यांच्या ठरावाऐवजी हा फॉर्म आला. सुरुवातीला मला ‘घाबरट’ म्हटलं गेलं. वर्षभराने तोच फॉर्म लोक दुसऱ्या उपनगरातल्या मित्रांना पाठवत होते.

पार्टी कोणाची?

संघटनेकडे येणाऱ्या भांडणांतली बहुतेक याच एका प्रश्नावर येऊन थांबतात. अ ने पार्टीला फ्लॅट दाखवला. पार्टी म्हणाली विचार करून सांगतो. दीड महिन्याने ब ने तोच फ्लॅट दाखवला, मालकाशी बोलून दोन लाख उतरवले आणि सौदा झाला. अ म्हणतो पार्टी पळवली. ब म्हणतो मला माहीतच नव्हतं. दोघंही तुमचे सभासद, दोघांनीही तुम्हाला मत दिलेलं.

आपल्याकडचा रूढ नियम ‘आधी दाखवेल त्याची पार्टी’ असा आहे. सोपा आहे आणि चुकीचा आहे. तो लावला की लोक घर विकायचं सोडून नुसतं दाखवत सुटतात, म्हणजे उद्या हक्क सांगता येईल. अमेरिकन संघटनेत अशा तंट्यांत वेगळा प्रश्न विचारतात: सौदा कोणाच्या प्रयत्नांच्या अखंड साखळीमुळे घडला? आधी दाखवणं हा त्यातला एक दुवा. मधे संपर्क तुटला का, का तुटला, पार्टी स्वतःहून दुसरीकडे का गेली, वाटाघाटी कुणी पार पाडल्या, हेही बघायचं. आम्ही हाच प्रश्न मराठीत उचलला आणि सुनावणीच्या कागदावर सगळ्यात वर छापला.

आमची पद्धत अशी होती:

तक्रार लेखीच घ्यायची, सौदा कळल्यापासून तीस दिवसांत. फोनवरची, लग्नात भेटलेली, ग्रुपवर टाकलेली तक्रार घ्यायची नाही. निम्म्या तक्रारी इथेच गळतात, कारण लिहायला बसलं की माणूस स्वतःचीच बाजू नीट वाचतो.

समोरच्याला सात दिवस उत्तराला. दोघांनीही साईट व्हिजिटची तारीख, मेसेज, मालकाशी झालेलं बोलणं यांचे पुरावे द्यायचे. स्क्रीनशॉटवर तारीख दिसली पाहिजे.

तिघांची समिती, त्या भागात काम न करणाऱ्या सभासदांतून. अध्यक्ष आणि सेक्रेटरी तिच्यात नाहीत. हे महत्त्वाचं, कारण हरणारा माणूस उद्यापासून संघटनेच्या कुठल्याही कामाला येणार नाही, आणि तो निदान सेक्रेटरीवर तरी रागावलेला नसावा.

एक बैठक, एकच. दोघांना वीस-वीस मिनिटं. वकील नाही. ग्राहकाला बोलवायचं नाही, कधीही नाही. आपल्या कमिशनच्या भांडणात ग्राहकाला साक्षीला उभं केलं की तो चार मित्रांना सांगतो आणि चार ग्राहक जातात.

निकाल एक पानाचा, कारणांसह, दोघांना त्याच दिवशी. बहुतेक निकाल ‘सगळं याचं’ किंवा ‘काहीच नाही’ असे नसायचे. सत्तर-तीस, साठ-चाळीस असे असायचे. आणि ते बाहेर जाहीर करायचे नाहीत.

हा निकाल कोर्टाचा नाही हे दोघांना आधीच सांगा. सभासदत्वाच्या अर्जात ‘अंतर्गत तंटे या पद्धतीने सोडवण्यास मी तयार आहे’ अशी ओळ आणि सही असेल तर त्याला वजन येतं. घटनेत शिस्तभंगाची तरतूद असेल तर निकाल न मानणाऱ्याचं सभासदत्व स्थगित करता येतं, पण नोटीस आणि बाजू मांडायची संधी देऊनच. त्यापलीकडे तुमचा हात पोहोचत नाही, आणि पोहोचू देऊही नका. वसुलीला माणसं पाठवणारी संघटना मी पाहिलेली आहे. ती आता नाही.

ग्राहकाची तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. ‘तुमच्या सभासदाने टोकन घेतलं, परत देत नाही’ अशी तक्रार आली तर आतल्या आत मिटवायचा मोह होतो. सभासदाला बोलवून समज द्या, पैसे परत करायला लावा, पण ग्राहकाला त्याचे कायदेशीर मार्गही सांगा. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला व्यवहार असेल तर रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, कलम ३१ खाली एजंटाविरुद्धही महारेराकडे (त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) तक्रार करता येते. आपल्या माणसाला वाचवण्यासाठी हे लपवलं तर संघटनेचं नाव दोनदा जातं. खुद्द महारेराने २०१८ मध्ये ग्राहक आणि विकासक यांच्यासाठी सलोखा मंच उभा केला, मुंबई ग्राहक पंचायत आणि बिल्डरांच्या संघटनांना सोबत घेऊन. मिटवण्यात कमीपणा नाही, पण दोन्ही बाजूंची माणसं टेबलावर असली पाहिजेत, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

सभासदांच्या नोंदण्या सांभाळणं

कमी कष्टात सगळ्यात जास्त दुवा मिळवून देणारं काम हे. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायला मदत करायची तर रेराच्या कलम ९ प्रमाणे एजंटाची नोंदणी हवी. नसेल तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. नोंदणी पाच वर्षांची. ती संपलेली कळते कधी, तर बिल्डरच्या ऑफिसात कमिशनचं बिल अडतं तेव्हा. भाड्याच्या व्यवहाराला ही नोंदणी लागत नाही, म्हणून भाड्याचं काम करणारा एखादा सभासद अचानक एक नवा फ्लॅट विकतो आणि अडकतो.

१० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. आमच्याकडचे पन्नाशी-साठीचे सभासद, तीस वर्षं धंदा केलेले, ऑनलाइन परीक्षा म्हटल्यावर हबकले. पुढे प्रमाणपत्र न घेतलेल्या हजारो एजंटांच्या नोंदण्या स्थगित झाल्या. आम्ही दोन तरुण सभासदांना सांगितलं, रोज संध्याकाळी तासभर बसा, माउस कसा धरायचा इथपासून. ज्येष्ठांपैकी एक जण दुसऱ्या प्रयत्नात पास झाले आणि पेढे घेऊन ऑफिसात आले. संघटनेने कधी काही केलं नाही असं म्हणणारे तेच होते.

करायचं एवढंच: एक तक्ता, त्यात सभासदाचा महारेरा क्रमांक, मुदतीची तारीख, प्रमाणपत्र आहे की नाही. एक माणूस त्याचा मालक. मुदतीच्या तीन महिने आधी फोन. मेसेज नाही, फोन.

माणसं टिकवणं

‘कार्यक्रम समिती’ असं भारदस्त नाव देऊन सात जणांना बसवलं की काम दोघंच करतात आणि बाकीचे पाच त्यांच्या चुका काढतात. समितीऐवजी काम द्या, आणि शेवटची तारीख असलेलं काम द्या. ‘पुढच्या महिन्यातल्या मुद्रांक शुल्काच्या व्याख्यानाचा हॉल बघ’ हे कुणीही करतं. ‘शिक्षण विभाग सांभाळ’ याला लोक हो म्हणतात आणि फोन उचलणं बंद करतात.

बैठकीची वेळ. आमच्याकडे ती रात्री नऊची होती, कारण साईटवरून सगळे तेव्हा मोकळे होतात. सगळे म्हणजे पुरुष. संघटनेत बायका बऱ्याच होत्या आणि कार्यकारिणीत मी एकटी, ते याच कारणाने. सकाळी साडेदहाला बैठक घेतली, फ्लॅटमालक ऑफिसला गेलेले असतात आणि फ्लॅट दाखवायला कुणी लवकर उठत नाही, आणि दोन निवडणुकांत चौघी आल्या. त्या आल्यावर एकटीने रिकाम्या इमारतीत अनोळखी पार्टीला फ्लॅट दाखवण्याचा प्रश्न पहिल्यांदा विषयपत्रिकेवर आला. उपाय साधा निघाला: जायच्या आधी पार्टीचं ओळखपत्र मागायचं, लोकेशन एका मैत्रिणीला पाठवायचं, आणि संध्याकाळी सातनंतर एकटीने जायचं नाही, कमिशन गेलं तरी चालेल.

पैसा, थोडक्यात

दोन सह्या, रोख नको, प्रत्येक रुपयाला पावती. प्रायोजक बिल्डर असेल तर त्याने काय दिलं आणि बदल्यात काय मिळालं हे वार्षिक अहवालात छापा. २०२१ च्या दुरुस्तीने जीएसटीसाठी संघटना आणि तिचे सभासद वेगळ्या व्यक्ती धरल्या जातात, तेही १ जुलै २०१७ पासून. म्हणजे वर्गणी, प्रशिक्षणाची फी, प्रायोजकत्व मिळून वर्षाला वीस लाखांच्या जवळ जात असाल तर आधीच सीएला गाठा.

आणि जागा. ‘मालमत्ता विकणाऱ्यांची संघटना आणि स्वतःचं ऑफिस नाही’ हा टोमणा ऐकून प्रत्येक कार्यकारिणी ऑफिस घ्यायला निघते. धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या संस्थेला धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही. घेतलेली जागा विकायला किंवा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायलाही आधी परवानगी लागते. घेणं सोपं, बाहेर पडणं अवघड. हे आपण ग्राहकाला रोज सांगतो.

ग्रुप

व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच नियम आम्ही कडक ठेवले. मालकाचं नाव, फोन आणि फ्लॅट नंबर एकत्र टाकायचा नाही. त्या माणसाने तो तीनशे जणांसाठी दिलेला नसतो, आणि २०२३ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आहे. आणि अमुक जातीचे, धर्माचे, एकटे राहणारे भाडेकरू नकोत अशी जाहिरात टाकायची नाही. दुसऱ्या नियमावरून तीन सभासद सोडून गेले. जाऊ दिले.

उतरताना

घटनेत सलग दोन कार्यकाळांची मर्यादा नसेल तर ती तुमच्याच काळात घाला, नंतर कुणी घालत नाही. निवडणुकीच्या सहा महिने आधीपासून पुढच्या सेक्रेटरीला प्रत्येक कार्यालयीन भेटीला बरोबर न्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातला कारकून, पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती घेणारे हवालदार, बँकेतल्या बाई यांना नवा चेहरा माहीत होतो. ही ओळख कागदावर देता येत नाही.

कागदावर द्यायचं ते असं: तुम्ही पद घेताना केलेली ती एक पानाची यादी काढा आणि तिच्याच क्रमाने नवी यादी करा. दोन्ही दाखले, उतारा, चेंज रिपोर्टची पोच, ऑडिट, चेकबुक, ईमेलचा आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनचा ताबा, चालू तंट्यांची पाकिटं बंद करून, कपाटाची किल्ली, शिक्का. मी हे सगळं दिलं आणि घरी आले, तर पर्समध्ये शिक्का तसाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन देऊन आले आणि पोच घेतली.